रेसवरचा पाय

लेकीने गाडी आणली तेव्हा मास्तरीणबाई खिडकीत उभ्या होत्या. फाटकातून आत वळतानाच त्यांनी ओळखलं की हे प्रकरण काही वेगळंच आहे. बसकी, लांब नाकाची, मागून रुंद, आणि आत सीटा दोनच. रंग राखाडी होता, म्हणजे तेवढ्यापुरतं तरी पोरीचं डोकं ठिकाणावर होतं म्हणायचं. लेक उतरली, वर बघून हसली. बाईंनी हात हलवला, पण नजर मागच्या चाकांवरून हटेना.

त्यांना सगळेच मास्तरीणबाई म्हणत, कारण त्या गाडी चालवायला शिकवत. वर्गात शिकवणाऱ्या बायका पैशाला पासरी मिळतात. शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली एक जादा ब्रेक तेवढा घेऊन, रोज सकाळी नव्या अनोळखी माणसाच्या हाती आपला जीव सोपवणारी बाई मात्र विरळा. बाईंनी निम्म्या शहराला शिकवलं होतं. न्हावी, वकील, नुकत्याच निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, नवऱ्याला न सांगता शिकायला येणाऱ्या बायका, बायकोने ढकलून पाठवलेले नवरे. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण धडा सगळ्यांना एकच. काही सुचेनासं झालं की पाय उचल. रेसवरचा पाय उचलला की गाडी मंदावते, मंदावली की विचाराला सवड मिळते, आणि विचार करायला सवड मिळालेला माणूस सहसा मरत नाही, असं त्यांचं साधं गणित होतं.

‘पाय उचल’ हे दोन शब्द त्या ज्या आवाजात म्हणत तो आवाजही काही औरच होता. ओरडणं नव्हतंच ते. खालच्या पट्टीतला, आखूड, जरासुद्धा न थरथरणारा. नवशिक्या माणसाचे कान घाबरल्यावर बंद होतात हे बाईंना ठाऊक होतं, म्हणून त्या कानांशी बोलतच नसत. त्या थेट पायाशी बोलत, आणि पाय ऐकत. त्यांच्या हातून शिकून गेलेली माणसं सांगत की पुढे कित्येक वर्षं, एकटं गाडी चालवताना, समोर कुत्रं आडवं आलं की तोच आवाज कानात उमटतो आणि पाय आपोआप वर येतो.

नवरा हवामान खात्यात होता, त्यामुळे घरात त्याच्या बोलण्यावर कुणाचा विश्वास नव्हता. तो बिचारा ‘कोरडं राहील’ म्हणाला की लेक छत्री घ्यायची. पण माणूस गमत्या. ‘हिच्या शेजारी झोपणं म्हणजे गाडी शिकणं,’ तो पाहुण्यांना सांगे. ‘मी झोपेत कूस बदलली की ही ब्रेक मारते. पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्यात माझ्या.’

आणि लेक. तिला घरात ठकी म्हणत. ठकी दातांच्या कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर माप पाठवत, आणि ही खुर्चीत पाठ वाकवून, मेणात एकेक दात कोरून बसवत राहायची. हात असा स्थिर की बघत राहावं. लायसन्सचं वय झाल्याबरोबर आईनेच तिला गाडी शिकवली होती, आणि तेव्हापासून आजतागायत गाडीला एक ओरखडा आलेला नव्हता.

‘एक ओरखडा नाही आई,’ ठकी त्या संध्याकाळीही म्हणाली. ‘मग तू का तोंड पाडून बसलीस?’

‘ओरखडा नाही हेच तर,’ बाई म्हणाल्या, आणि पुढचं गिळून टाकलं. पोरीने किती वर्षं पै-पै साठवून, सगळ्यांची थट्टा ऐकून घेऊन ही गाडी घेतली होती. पहिल्याच दिवशी तिच्या आनंदात माती कालवायची म्हणजे फारच झालं.

पण त्यांना आठवत होता चष्मेवाल्याचा मुलगा.

तो बाईंचा लाडका विद्यार्थी. शांत, तालात गाडी चालवणारा. गेल्या साली त्याने अशीच गाडी घेतली, मागच्या चाकांवर पळणारी, आणि महिनाभरात पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर ती उलट्या तोंडाने भिंतीत घातली. खुब्याचं हाड गेलं. आता काठी घेऊन दुकानात बसतो. बाई चष्म्याचा नंबर बदलायला गेल्या होत्या तेव्हा त्याने स्वतःहून विषय काढला होता.

‘बाई, तुम्ही शिकवलंत तेच केलं मी. गाडी मागून सरकायला लागली तसा पाय उचलला. एकदम उचलला.’

त्यात तक्रार नव्हती. बरोबर उत्तर लिहूनही नापास झालेला मुलगा जसा सांगेल तसं त्याने सांगितलं. बाई चष्मा न घेताच घरी आल्या, आणि तेव्हापासून हे कुसळ मनात रुतून बसलं होतं. आता ते स्वतःच्याच दारात चार चाकांवर येऊन उभं राहिलं.

चार दिवस त्यांनी तोंड मिटून काढले. पाचव्या दिवशी जेवणं झाल्यावर ट्रे काढला, त्यात बोटभर पाणी ओतलं आणि टेबलावर ठेवला.

‘आता हे काय?’ नवऱ्याने विचारलं. ‘पुराचा अंदाज माझ्या खात्याचा आहे.’

‘तुम्ही गप्प बसा. ठके, इकडे बघ. हे पाणी म्हणजे गाडीचं वजन.’ बाईंनी ट्रे पुढे सरकवला आणि झटकन थांबवला. पाणी पुढच्या कडेला जाऊन आदळलं, मागे ट्रेचा तळ दिसू लागला. ‘पाय उचललास की असं होतं. सगळं वजन पुढे. मागची चाकं हलकी पडली. आपल्या रोजच्या गाडीत इंजिन पुढच्या चाकांना ओढतं. वळणावर जास्त रेस झाली तर नाक बाहेर जातं, पाय उचलला की वजन नाकावर येतं, नाक परत रस्त्यावर. बरोबर? तुझ्या या नव्या गाडीत ढकलतात मागची चाकं. वळणावर गाडी धरून ठेवायची त्यांनीच आणि ढकलायचीही त्यांनीच. जास्त मागितलंस की ती हात टेकतात आणि बाजूला सरकतात. तेव्हा माणूस घाबरतं. घाबरून पाय उचलतं. म्हणजे जी चाकं आधीच घसरतायत त्यांच्यावरचं उरलंसुरलं वजनही काढून घेतं.’ त्यांनी ट्रेची मागची कड बोटाने ढकलली. ट्रे टेबलावर गर्रकन फिरला आणि पाणी नवऱ्याच्या मांडीवर सांडलं.

‘कळलं,’ तो म्हणाला, आणि फडकं आणायला उठला.

‘जास्त दाबणं ही अर्धी चूक. ती सावरता येते. घाबरून सोडणं ही पुरती. नवे लोक मरतात ते त्या दुसऱ्या चुकीने.’ बाईंनी रिकामा ट्रे सरळ केला. ‘आणि तुझ्या पायात मी काय भरून ठेवलंय?’

ठकीने ट्रे आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, ‘मग शिकते की पुन्हा. त्यात काय एवढं.’

शहराबाहेर एक मोकळं डांबरी मैदान होतं. तिथे पाणी मारून, गोलात शंकू मांडून घसरणारी गाडी सावरायला शिकवत. शिकवणारा एक टकला माणूस होता, पूर्वी शर्यतीत गाड्या पळवलेला, सदानकदा शेंगदाणे खाणारा. ठकी दर सुट्टीला तिथे जाऊ लागली, आणि बाई कुंपणाशी उभ्या राहून बघू लागल्या.

पहिल्या दिवशी ठकीची गाडी प्रत्येक फेरीला फिरली. मागची बाजू सरकली रे सरकली की पाय वर, आणि गाडी गर्रकन उलट्या तोंडाने. पुन्हा सरकली, पुन्हा पाय वर. टकला कपाळाला हात लावून कुंपणापाशी आला.

‘हिला गाडी शिकवली कोणी?’

‘का?’ बाईंनी विचारलं.

‘फार पक्की शिकवलीय हो. डोक्याला सगळं कळतंय पोरीच्या, पण पाय ऐकायला तयार नाही.’

दुसरं कुणी म्हणालं असतं तर बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं. आता मान खाली गेली.

पण ठकी हट्टी. मेणात एक दात बिघडला तर अख्खी पंगत पुन्हा कोरणारी. ती येत राहिली. हळूहळू पाय थांबू लागला. आधी अर्धाच वर यायचा, मग चाळवायचा नुसता, आणि मग एका सकाळी बाईंनी बघितलं की गाडी मागून सरकली, ठकीचे हात त्याच बाजूला वळले, रेसचा आवाज जिथे होता तिथेच राहिला, आणि गाडी एखाद्या रुसलेल्या पोरासारखी क्षणभर वाकडी चालून मुकाट्याने सरळ झाली. टकल्याने शेंगदाणे खिशात टाकून टाळ्या वाजवल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हे आपल्याला आलं नसतं, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं.

‘आता तरी झोप,’ नवरा त्या रात्री म्हणाला. ‘पोर शिकली.’

‘मैदानावर शिकली. मैदानाला दरी नसते.’

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते खोटं नाही. फोन वाजला की बाई धावत उचलायच्या. ठकीला यायला उशीर झाला की त्या फाटकापर्यंत चार चकरा मारायच्या आणि तिची गाडी दिसली की पळत वर येऊन, जणू इथेच बसलो होतो अशा थाटात, पेपर उलटा धरून बसायच्या. शेवटी त्यांनी स्वतःला एक काम लावून घेतलं. समजा, कधी आपण शेजारी असलो आणि तसा प्रसंग आला, तर पोरीच्या पायाशी बोलणारा आवाज आपलाच आहे. मग शब्द तेवढे बदलले की झालं. पाय तसाच ठेव. नजर रस्त्यावर. भाजी चिरताना, केस विंचरताना, लाल दिव्यापाशी थांबलेल्या गाडीत, बाई ओठातल्या ओठात तेच घोकत. पाय तसाच ठेव. नजर रस्त्यावर. एवढं पाठांतर त्यांनी शाळेतही केलं नव्हतं.

एका सुट्टीच्या सकाळी ठकीला टेकडीपलीकडच्या डॉक्टरांकडे एक कवळी पोचवायची होती. कुणा म्हातारीला नातवाच्या बारशाआधी दात हवे होते म्हणे.

‘मी येते,’ बाई म्हणाल्या.

ठकीने त्यांच्याकडे बघितलं. ‘ये. पण पाहुणी म्हणून ये. तोंडातून शब्द काढायचा नाही.’

‘नाही काढत.’

‘कोरडं राहील आज,’ नवरा गॅलरीतून म्हणाला, आणि दोघी छत्री घेऊन निघाल्या.

टेकडीच्या पायथ्याशी भुरभुर सुरू झाली. धड पाऊसही नव्हे, काच पुसावी की नाही असं वाटण्याइतकीच. बरेच दिवस कोरड्या पडलेल्या रस्त्यावर तेवढंही पुरतं. धूळ आणि तेल वर येतं आणि डांबर साबणासारखं होतं. बाईंना हे माहीत होतं. ठकीलाही माहीत होतं, कारण तिने न सांगता वेग कमी केला. बाईंनी मनात तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. त्यांच्या पायाखाली इथे ब्रेक नव्हता. तरी उजवा पाय प्रत्येक वळणाला चटई दाबत होता.

एक वळण गेलं. दुसरं गेलं. ठकी छान चालवत होती. वळणाआधीच वेग उतरवायची, वळणात पाय हलका आणि एकसारखा. बाईंच्या मानेतला ताण जरासा उतरला. त्या खिडकीबाहेर बघायलाही लागल्या. खाली झाडांचे शेंडे, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा.

तिसऱ्या वळणावर कुठल्याशा ट्रकने डिझेल सांडलं होतं. ओल्या रस्त्यावर ते दिसलं नाही. वळणातून बाहेर पडताना बाईंना आधी पाठीत जाणवलं. सीटची मागची बाजू कुणी अलगद बाजूला ओढावी तसं. गाडी मागून सरकली. कठडा काचेत आला.

बाईंना त्या क्षणी काय काय दिसलं ते पुढे त्या विसरू म्हणता विसरल्या नाहीत. ठकीचे हात दिसले, वळलेले, नेमके जिकडे वळायला हवेत तिकडे. तिचा चेहरा दिसला, मेणात दात कोरताना असतो तसाच. आणि तिचा पाय दिसला, रेसवर, जिथल्या तिथे. सगळं दिसलं, आणि तरीही बाईंच्या तोंडून, खालच्या पट्टीत, आखूड, जरासुद्धा न थरथरता शब्द निघाले.

‘पाय उचल.’

ठकीने ऐकलं असं म्हणता येणार नाही. तिच्या पायाने ऐकलं. पाय वर आला. मग रस्ता, डोंगर, झाडांचे शेंडे, पुन्हा रस्ता, असं सगळं काचेसमोरून उलटं धावत गेलं, आणि ठकीच्या दाराच्या बाजूने गाडी कठड्यावर आदळली.

मग शांत झालं. काच पुसणारा दांडा मात्र आपला डावीउजवीकडे फिरत राहिला.

बाईंना पट्ट्याचा एक निळा वळ उठला, बस्स. ठकीचा उजवा हात दारात सापडला होता, कोपरापासून मनगटापर्यंत. दवाखान्यात हाडं बसवली, पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाले, हाडं जुळतील, त्याची काळजी नको. बोटांच्या शिरेला मार आहे. बारीक काम जमेल की नाही ते आज सांगता येणार नाही.

संध्याकाळी वाहतूक पोलीस आला. भला माणूस होता, खाटेपासून जरा लांबच उभा राहून बोलत होता. बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या.

‘कसं झालं, ताई?’

‘गाडी मागून सरकली,’ ठकी म्हणाली. ‘मी घाबरले. पाय उचलला.’

पोलिसाने समजूतदारपणे मान हलवली. ‘या गाड्यांचं असंच आहे. नवा माणूस बसला की हेच. आधी जोरात दाबतात, मग घाबरून सोडतात. महिन्याला एक तरी बघतो आम्ही.’

‘हो ना,’ ठकी म्हणाली.

बाईंना लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षा भीती मोठी होती, म्हणून गप्प राहिल्या. पोलीस बाहेर गेला. दारात नवऱ्याचा आवाज आला, पोलिसाला काहीबाही विचारणारा. खालून औषधं घेऊन धावत आला होता, दम लागला होता.

‘ठके,’ बाई म्हणाल्या.

‘हं.’

‘खोटं का सांगितलंस?’

‘खोटं काय त्यात? पाय माझाच होता.’ ठकीने डोळे मिटले. ‘जाऊ दे गं आई. तुला लागलं नाही ना, झालं.’

‘एक विचारते. खरं सांग. मी बोलले नसते, तर सावरली असतीस?’

ठकीचे डोळे मिटलेलेच होते. बाईंना वाटलं झोप लागली. औषधांनी येतेही. मग ती डोळे न उघडताच म्हणाली, ‘सावरली होती.’

‘काय?’

‘मागची चाकं धरली होती परत, आई. मला सीटमध्ये कळलं होतं.’ एवढं सांगून तिने तोंड भिंतीकडे वळवलं, आणि तिचा डावा हात चादरीवर काहीतरी शोधत राहिला. बाईंनी तो हातात घेतला. कढत होता. त्या तशाच बसून राहिल्या, ठकीचा श्वास एकसारखा होईपर्यंत. मग हात हळूच चादरीखाली घातला आणि उठल्या.

बाहेर पोलीस अजून नवऱ्याशी बोलत उभा होता. नवरा मान डोलवत होता, नवशिकी पोर, काय करणार, असं काहीसं म्हणत होता. बाई दोघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

‘साहेब, ती घाबरली नव्हती. मी घाबरले.’

पोलीस गोंधळला. ‘पण गाडी तर ताईच चालवत होत्या ना? तुम्ही शेजारी बसला होतात.’

‘शेजारीच बसले होते,’ बाई म्हणाल्या. ‘पाय मी उचलला.’

पोलिसाने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने तो आवाज तीस वर्षं ऐकला होता. आज पहिल्यांदाच तो आवाज थरथरत होता. त्याला सगळं कळलं. त्याने बायकोला बाकावर बसवलं.